आजोळचा नाताळ मुलांना कसा सांगू?

प्रश्न : माझं आजोळ नंदुरबारचं. आजी होती तोवर आम्ही सगळी मामे-मावस भावंडं नाताळाला तिच्याकडे जमायचो. ती गेली, वाटणीवरून दोन्ही मामांचं बोलणं तुटलं आणि जमणंही थांबलं. मागच्या वर्षी आईही गेली. आता दोंडाईच्याची धाकटी मावशी तेवढी आहे. माझ्या मुलांना नाताळ म्हणजे केक आणि रोषणाई एवढंच ठाऊक. आईच्या माहेरचा नाताळ त्यांना कसा कळावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, आधी मावशीकडे जा. मुलांना घेऊनच जा. पण ‘जुन्या आठवणी सांग’ असं म्हणू नका. त्यावर माणसं ‘लई मजा यायची’ म्हणतात आणि गप्प बसतात. कामं विचारा. करंज्यांचं सारण कोण भाजायचं? जावयांची अंथरुणं कुठे पडायची? रात्री मंडळी गाणी म्हणत दारात आली की चहाचं आधण कोण ठेवायचं?

मी माझ्या आईला असंच विचारलं होतं. तिचं माहेर नवापूर. तिथलं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. भुसावळ-सुरत पॅसेंजरमधून उतरलं की आम्ही पोरं आधी दोन्ही राज्यांत उड्या मारून यायचो, मामा सामान सांभाळत उभा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी शेतात भरीत असायचं. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळात हिरवी वांगी टाकायची, आणि आजी देठाजवळ बोट दाबून बघायची. तिथे मऊ लागलं तरच वांगं बाहेर. मग मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. एवढं मलाही आठवत होतं. पण ‘वांगी सोलायचं कोण?’ म्हटल्यावर आई म्हणाली, “पुरुष. आदल्या दिवशी बायका चुलीपुढे राबल्या, आज तुम्ही बसा, असं तुझ्या आजोबांनी ठरवून दिलं होतं.” आजोबांची ही बाजू मला तोवर कुणी सांगितली नव्हती.

घरातलं जुनं बायबल कुणाकडे आहे, तेही विचारा. पुष्कळ घरांत त्याच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मे, लग्नं लिहून ठेवलेली असतात. एकेक नाव मावशीला वाचून दाखवा आणि ती सांगेल ते फोनवर रेकॉर्ड करा.

मामांचा समेट घडवायचं ओझं आत्ता अंगावर घेऊ नका. मावशीचं बोलणं लिहून काढा आणि दोघांनाही पाठवा. वाटणीचा शब्द काढू नका. फक्त ‘काही चुकलं असेल तर कळवा’ एवढंच लिहा. भांडलेली भावंडंसुद्धा आईच्या हातच्या स्वयंपाकाबद्दल चुकीचं लिहिलेलं सहन करत नाहीत. एखादा फोन येईलच, असं मला मनापासून वाटतं.

सगळा नाताळ पुण्याच्या फ्लॅटमध्ये उभा करायला जाऊ नका, त्यात जीव दमतो. त्यातलं एक काम मुलांच्या हाती द्या. भरीत केलंत तर सोलायला मुलांना आणि त्यांच्या बाबांना बसवा. गॅसवर काड्यांच्या धुराचा वास येणार नाही. तो कसा असतो ते मावशीला विचारा, तिच्याकडे अजून चूल असेल तर तिथेच एक वांगं भाजा.

तिला अहिराणीतच बोलू द्या. मुलांना जे कळणार नाही ते तुम्ही तिथल्या तिथे सांगा. आणि हे डिसेंबरवर ढकलू नका, रजा मिळेल त्या आठवड्यात निघा.