न्यू जर्सीच्या पब्लिक हायस्कूलमध्ये राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला, तर मुलाला टीममधून काढता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा पब्लिक हायस्कूलच्या फुटबॉल टीममध्ये आहे, शुक्रवारच्या मॅचआधी अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजतं तेव्हा तो आणि दोन मित्र गुडघा टेकणार म्हणतात, आणि कोचनी बजावलंय की "उभे राहा, नाहीतर बेंचवर बसा." शाळेला असं करता येतं का, आणि तुम्ही काय करावं?

शाळेला असं करता येत नाही. शाळा सरकारी असेल, मुलगा काही न बोलता आपल्या जागीच गुडघा टेकत असेल आणि त्यामुळे कार्यक्रम अडत नसेल, तर केवळ त्या कारणासाठी त्याला बेंचवर बसवणं, सस्पेंड करणं किंवा टीममधून काढणं हे अमेरिकेच्या घटनेतल्या पहिल्या घटनादुरुस्तीच्या, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या हमीच्या विरोधात जातं. मॅचआधी गुडघा टेकणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल सुप्रीम कोर्टाचा वेगळा निकाल नाही. पण आधीचे निकाल इतके पक्के आहेत की शाळेच्या वकिलाला कोचची बाजू मांडणं जड जाईल.

त्यातला पाया म्हणजे १९४३चा बार्नेट खटला. वेस्ट व्हर्जिनियात यहोवाज विटनेसेस पंथाच्या मुलांनी झेंड्याला सलाम करायला नकार दिला म्हणून शाळेनं त्यांना काढून टाकलं होतं. सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीन मतांनी मुलांच्या बाजूनं निकाल दिला, तोही ऐन महायुद्धात. तीनच वर्षांपूर्वी, १९४०मध्ये, याच कोर्टानं आठ विरुद्ध एक मतांनी बरोबर उलटा निकाल दिला होता, हे लक्षात घेतलं की हा बदल केवढा मोठा होता ते कळतं. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांच्या निकालाचा आशय असा: राजकारण असो, राष्ट्रप्रेम असो की धर्म, त्यात काय योग्य मानायचं हे कुठल्याही सरकारी अधिकाऱ्यानं ठरवायचं नाही, आणि ते लोकांच्या तोंडून किंवा कृतीतून वदवून घ्यायचं नाही.

दुसरा आधार १९६९चा टिंकर खटला. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी पट्टी बांधून आलेल्या मुलांना शाळेनं घरी पाठवलं होतं. तिथून आलेली कसोटी आजही चालते: शाळेच्या कामात खरोखरच मोठा व्यत्यय आला असेल, किंवा येणार हे दिसण्यासारखी ठोस कारणं असतील, तरच शाळेनं हात घालावा. नुसती "गडबड होईल" ही धास्ती पुरत नाही.

तिसरा आधार खास तुमच्या राज्यातला आहे, आणि शाळेला लिहिताना मी हाच सगळ्यात आधी लिहीन. न्यू जर्सीच्या कायद्यात असं कलम होतं की झेंड्यापुढे देशनिष्ठेची शपथ म्हणायची नसेल तर म्हणू नका, पण उभं राहा. लिप विरुद्ध मॉरिस या १९७८च्या निकालात थर्ड सर्किटच्या फेडरल अपील कोर्टानं उभं राहण्याची ही सक्तीच घटनाबाह्य ठरवली. उभं राहणं हीसुद्धा एक अभिव्यक्तीच आहे आणि तिची सक्ती करता येत नाही. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर या तिन्ही राज्यांतल्या फेडरल कोर्टांना हा निकाल बंधनकारक आहे. निकाल शपथेबद्दलचा असला तरी त्याचं तत्त्व राष्ट्रगीताला जसंच्या तसं लागू पडतं.

कोच कदाचित म्हणतील की राष्ट्रगीताला उभं राहावं असा फेडरल कायदाच आहे. कायदा आहे खरा. झेंड्याकडे तोंड करून, उजवा हात छातीवर ठेवून सावधान उभं राहावं, असं तो सांगतो. पण त्यात "राहावं" आहे, "राहिलंच पाहिजे" नाही, आणि शिक्षेची तरतूद तर मुळीच नाही.

"खेळणं हा हक्क नाही, ती सवलत आहे," हेही तुम्हाला ऐकायला मिळेल. तेही खरं आहे. सराव बुडवला, मार्क कमी पडले, खेळ कमी पडला, तर कोच बसवू शकतात. पण सवलत असली तरी ती घटनेनं मना केलेल्या कारणासाठी काढून घेता येत नाही. कॅलिफोर्नियात २०१७मध्ये नेमकं हेच घडलं. सॅन पास्कल व्हॅली हायस्कूलचा एक खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकायचा. बाहेरगावच्या एका मॅचनंतर समोरच्या शाळेच्या मुलांनी त्याच्या टीमला शिव्या दिल्या, धमकावलं. यावर त्याच्या स्कूल डिस्ट्रिक्टनं काय केलं, तर गुडघा टेकण्यावरच बंदी घातली. डिसेंबर २०१७मध्ये फेडरल कोर्टानं या बंदीला अंतरिम मनाई दिली. दंगा दुसऱ्यांनी करायचा आणि तोंड या मुलानं बंद ठेवायचं, हे कोर्टाला पटलं नाही. तुमच्या प्रकरणाशी सगळ्यात जवळचा निकाल हाच. तो खालच्या कोर्टाचा आणि दुसऱ्या राज्यातला असल्यामुळे न्यू जर्सीला बंधनकारक नाही, पण पत्रात त्याचा उल्लेख नक्की करा.

आता एक मधला मार्ग, जो शाळा हमखास सुचवते: "राष्ट्रगीत होईपर्यंत लॉकर रूममध्ये थांब, मग ये." मुलालाच तसं हवं असेल तर ठीक. पण सक्तीनं असेल तर तीही शिक्षाच. न्यूयॉर्कच्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत सेकंड सर्किटनं १९७३मध्येच सांगितलं होतं की शपथेच्या वेळी "उभा राहा किंवा वर्गाबाहेर जा" असा पर्याय देणं चालणार नाही. जॉर्जियातल्या केनेसॉ स्टेट या सरकारी विद्यापीठात २०१७मध्ये पाच चिअरलीडर मुलींनी गुडघा टेकल्यावर राष्ट्रगीत संपेपर्यंत त्यांना मैदानाबाहेरच ठेवायला सुरुवात झाली. काही आठवड्यांतच विद्यापीठाला त्या मुलींना पुन्हा मैदानावर येऊ द्यावं लागलं, आणि नंतर त्यांच्यातल्या एकीनं कोर्टात दावाही केला. म्हणून मुलाला सांगा, दडपणाखाली "बरं, आत थांबतो" असं म्हणून टाकू नकोस. पुढे त्याचाच अर्थ "त्यानं स्वखुशीनं मान्य केलं" असा लावला जाईल.

हे सगळं संरक्षण फक्त सरकारी संस्थेविरुद्ध आहे, आणि लोकांचा गोंधळ इथेच होतो. कॉलिन केपर्निक या व्यावसायिक फुटबॉलपटूनं २०१६मध्ये हे गुडघा टेकणं सुरू केलं तेव्हा त्याच्यामागे पहिली घटनादुरुस्ती नव्हती, कारण एनएफएल ही फुटबॉल लीग आणि तिचे क्लब खासगी आहेत. त्याची तक्रार करारातल्या तरतुदींखाली चालली आणि २०१९मध्ये तडजोडीनं मिटली. १९९६मध्ये डेन्व्हर नगेट्स या बास्केटबॉल टीमच्या महमूद अब्दुल-रौफला उभं न राहिल्याबद्दल एनबीए या लीगनं सस्पेंड केलं, तेही लीगच्या नियमाप्रमाणेच. तुमच्या राज्यातलं उदाहरण तर फारच बोलकं आहे. २०१६च्या सप्टेंबरमध्ये कॅमडेनच्या सरकारी हायस्कूलचे खेळाडू त्यांच्या कोचसह गुडघ्यावर बसले, आणि त्याच भागातल्या कॅथलिक धर्मप्रांतानं आपल्या शाळांमध्ये असं केल्यास सस्पेन्शन होईल असं जाहीर केलं. खासगी शाळेला ते करता येतं. म्हणून तुमचा मुलगा उन्हाळ्यात एखाद्या खासगी क्लबकडून किंवा ट्रॅव्हल टीमकडून खेळत असेल, तर मैदान नगरपालिकेचं असलं तरी टीम खासगीच. तिथे क्लबच्या नियमावर सही केली असेल तर तोच नियम चालेल. चार्टर स्कूल मात्र न्यू जर्सीत सरकारीच धरतात.

मुलानं काय करावं आणि काय टाळावं, हे नीट समजून घ्या, कारण केस इथेच जिंकली किंवा हरली जाते. टीम ज्या रांगेत उभी असते त्याच रांगेत, आपल्याच जागी, हेल्मेट बाजूला ठेवून एक गुडघा टेकावा. घोषणा नको, मैदानाच्या मध्यभागी जाणं नको, फोन हातात नको. गीत संपलं की लगेच उठून टीमबरोबर वॉर्म-अपला जावं. किकऑफला एक मिनिटही उशीर व्हायला नको, कारण व्यत्ययाचा पुरावा म्हणून शाळा हाच उशीर दाखवेल. दंडाला पट्टी बांधायची किंवा बुटांवर मजकूर लिहायचा विचार असेल तर सोडून द्या. गणवेशाचे नियम सगळ्यांना सारखे असतात, पंचही आक्षेप घेऊ शकतात, आणि मग शाळेला "आम्ही निषेधाबद्दल नाही, गणवेशाबद्दल बोललो" असं म्हणायला जागा मिळते.

खेळायलाच नकार देणं ही वेगळी गोष्ट आहे. ऑरेगनमध्ये बास्केटबॉलच्या मुलांनी कोचविरुद्ध अर्ज दिला आणि मग मॅचला जाणाऱ्या बसमध्ये चढायला नकार दिला. २००६मध्ये नाइन्थ सर्किटनं सांगितलं, अर्जाला संरक्षण आहे, बसला दिलेल्या नकाराला नाही. गुडघा टेकून मग पूर्ण ताकदीनं खेळणारा मुलगा कायद्याच्या दृष्टीनं भक्कम जागी असतो. मित्रांपैकी कुणी बँडमध्ये असेल तर त्याची बाजू जरा कमकुवत आहे, कारण वाजवणं हेच त्याचं त्या क्षणी काम असतं. आणि कोचनीच मुलांना गुडघे टेकायला सांगितलं तर तेही चालणार नाही. सक्ती कुठल्याही बाजूनं झाली तरी ती सक्तीच.

आता तुमचं काम. शाळेच्या वेबसाइटवरून अ‍ॅथलेटिक हँडबुक आणि टीमसाठी तुम्ही सही केलेला आचारसंहितेचा कागद काढा. राष्ट्रगीताबद्दल त्यात काही आहे का पाहा. असलं तर ते घटनेपेक्षा मोठं नाही, पण शाळा कशावर बोट ठेवणार हे आधी कळतं. मग मॅचच्या दोन-तीन दिवस आधी अ‍ॅथलेटिक डायरेक्टर आणि प्रिन्सिपल या दोघांना एकच ईमेल लिहा, कोचना कॉपी ठेवा. त्यात परवानगी मागू नका. मुलगा काय करणार, किती वेळ आणि कुठे, हे सांगा. कोच काय म्हणाले ते तारखेसह, जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत लिहा. बार्नेट, टिंकर आणि लिप ही तीन नावं द्या. शेवटी एक सरळ प्रश्न विचारा: यासाठी माझ्या मुलावर कारवाई होणार आहे का, मॅचच्या आधी लेखी कळवावं. बऱ्याच वेळा प्रकरण इथेच संपतं, कारण असा ईमेल डिस्ट्रिक्टच्या वकिलाकडे जातो आणि वकील कोचना गप्प बसायला सांगतो.

तरीही बेंचवर बसवलं तर खरी अडचण पुराव्याची. कोच म्हणणार, "निषेधाचा काय संबंध, याचा सरावच नीट झाला नाही." कोर्टात आधी तुम्हाला दाखवावं लागतं की निषेध हे कारवाईमागचं एक महत्त्वाचं कारण होतं, मग शाळेला सिद्ध करावं लागतं की तो नसता तरी तेच केलं असतं. म्हणून आत्तापासूनच नोंदी ठेवा: आधीच्या प्रत्येक मॅचमध्ये तो किती खेळला, सरावाला हजेरी किती, मार्क किती. टीम हडल (Hudl) या मॅचचे व्हिडिओ ठेवायच्या साइटवर व्हिडिओ टाकत असेल तर ते सीझन संपायच्या आत उतरवून ठेवा. कोचचे मेसेज पुसू नका. मुलालाही सांगा, रागाच्या भरात स्नॅपचॅटवर कोचबद्दल काही टाकू नकोस. शाळेबाहेरच्या पोस्टला सुप्रीम कोर्टाच्या २०२१च्या महानॉय निकालानं बरंच संरक्षण दिलंय, पण अशी पोस्ट शाळेच्या हातात आयतं कारण देते.

तक्रार वर नेताना क्रम पाळा: अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, प्रिन्सिपल, सुपरिंटेंडंट, मग बोर्ड ऑफ एज्युकेशन. बोर्डाच्या जाहीर बैठकीत बोलायचा हक्क तुम्हाला आहे, पण मुलाचं नाव आणि प्रकरण गावभर होणार, हे आधी त्याच्याशी बोलून ठरवा.

तुम्ही एच-१बीवर आणि मुलगा एच-४वर असेल तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. शाळेविरुद्धचं संरक्षण नागरिक नसलेल्या मुलालाही तितकंच आहे. व्हिसाचा निर्णय मात्र शाळा करत नाही, आणि २०२५मध्ये निषेधात भाग घेतलेल्या काही परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. गुडघा टेकल्यानं व्हिसावर गदा येईल असं मी म्हणत नाही, पण मुलाखती देण्याआधी किंवा पोलिसांशी संबंध येईल असं काही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.

अनेक मराठी पालक इथला प्रश्न भारतातल्या कायद्यानं तोलतात, म्हणून तेही सांगतो. भारतातल्या १९७१च्या कायद्यात राष्ट्रगीत गायला मुद्दाम अडथळा आणणं किंवा गाणाऱ्या समुदायात व्यत्यय आणणं याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. १९८६च्या बिजो इमॅन्युएल निकालात केरळच्या तीन भावंडांना न गाण्याचा हक्क मिळाला. तीही यहोवाज विटनेसेसच. पण ती मुलं आदरानं उभी राहिली होती, आणि निकालात त्या उभं राहण्याला महत्त्व होतं. सुट्टीत वानखेडेवर मॅच बघायला गेलात तर न्यू जर्सीचा हिशोब तिथे लावू नका.

मुदती मात्र आजच कॅलेंडरमध्ये टाका. राज्याच्या कमिशनर ऑफ एज्युकेशनकडे याचिका करायची असेल तर शाळेचा निर्णय कळल्यापासून ९० दिवस. फेडरल कोर्टात नागरी हक्काचा दावा करायचा असेल तर न्यू जर्सीत दोन वर्षं, आणि जिंकलात तर वकिलाची फी समोरच्याकडून मागता येते. फुटबॉलचा सीझन मात्र नोव्हेंबरच्या आसपास आटोपतो. मुलाला याच सीझनमध्ये खेळायचं असेल तर कारवाई झाली त्याच आठवड्यात नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संस्थेच्या न्यूअर्कच्या कार्यालयाशी संपर्क साधा आणि तातडीच्या मनाईबद्दल विचारा.