जळगावात जुन्या गाड्यांचे शौकीन एकमेकांना कसे ओळखतात?

इथे आधी गाडी ओळखीची होते, माणूस नंतर. तुम्ही लिहिलंय की नाशिकहून बदलीवर आलात, सोबत १९९६ ची मारुती झेन आहे आणि महिना झाला तरी आपल्यासारखं कोणी दिसलं नाही. दिसतील. तुम्ही फक्त मे महिन्यात आलात.

खान्देशात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या यंत्रणेची गाडी हौसेने कोणी बाहेर काढत नाही. प्रीमियर पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असतो. गाडी सिग्नलला उभी राहिली की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, कार्बोरेटर कोरडा पडतो आणि गाडी बंद. मग बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि सावली शोधायची. तुमच्या झेनलाही कार्बोरेटरच आहे, तेव्हा फडकं आणि पाण्याची बाटली डिकीत असू द्या. आणि रस्त्याच्या कडेला असा कोणी उभा दिसला तर गाडी बाजूला घ्या, पाणी विचारा. माझ्या पक्क्या ओळखी अशाच झाल्या आहेत.

खरा हंगाम दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत. थंडीत रविवारी सकाळी लवकर मेहरूण तलावाकडे चक्कर मारत जा. भरताची वांगी निघाली की शेताशेतांत भरीत-पार्ट्या होतात, तिकडे जाणाऱ्या रस्त्यांवरही नजर ठेवा. एरवी शेडमध्ये झाकलेल्या गाड्या त्या निमित्ताने निघतात. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात महिंद्राच्या जुन्या जीप तर अजून शेतीच्या कामाला आहेत.

नंबरप्लेट वाचायला शिका, फार मजा येते. तीन अक्षरांची जुनी पाटी असेल तर नोंदणी १९८९ च्या आसपासची किंवा त्याआधीची. एमएच-१९ म्हणजे जळगाव, एमएच-१८ धुळे, एमएच-३९ नंदुरबार. पण नंदुरबार धुळ्यातून वेगळा होऊन जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्यामुळे नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात तुमच्या झेनच्या वयाची गाडी एमएच-१८ दिसली तर ती धुळ्याहून विकत आणलेलीच असेल असं नाही, पहिल्यापासून तिथलीच असू शकते. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तरी नंबर तोच राहतो, म्हणून एमएच-१२ वाला पुण्याचाच असेल असंही धरू नका. मारुती ८०० मध्ये १९८३ च्या अखेरीस आलेलं पहिलं चौकोनी मॉडेल आणि १९८६ नंतरचं गोलसर मॉडेल हा फरक डोळ्यात बसला की अर्धं काम झालं. पहिलं मॉडेल चालू अवस्थेत दिसलं तर मला नक्की कळवा.

समोरून गाडी आली तर डिपर मारू नका, लोकांना वाटतं रस्ता मागतोय. हात वर करा, पुरे. गाडी उभी असेल तर मालक येईपर्यंत थांबा, काचेला नाक लावू नका. बहुतेक वेळा मालकाआधी शेजारचा टपरीवाला येतो आणि तुम्हालाच विचारतो, “गाडी कोनी शे भो?” (कोणाची आहे, भाऊ?) आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, “विकायची का?” हा पहिला प्रश्न विचारू नका. वडिलांनी घेतलेली गाडी सांभाळणाऱ्या माणसाला तो लागतो. रबर कुठून मिळवलं, रंग कोणाकडून मारून घेतला, हे विचारा. मग तो तुम्हाला अर्धा तास सोडणार नाही.

फोटो काढायचा तर विचारून. कुठे टाकणार असाल तर नंबर झाकाच आणि घराचा, गल्लीचा खुणेचा भाग येऊ देऊ नका. जुन्या गाडीचे सुटे भाग मिळत नाहीत, म्हणूनच ते चोरीला जातात.

कार्बोरेटर ट्यून करणारे म्हातारे मिस्त्री आणि सीट शिवणारे कुशनवाले यांना गावातली प्रत्येक जुनी गाडी माहीत असते. झेन तिथे नेऊन उभी करा आणि तासभर बसा. बरेच लोक तिथेच भेटतील.

झेनचा रंग कोणता तेवढं सांगा, रस्त्यात दिसलात तर हात करीन.