स्टेशनरीचं दुकान आणि ‘स्टेशनरी’ गाडी: दोन्ही शब्द एकच आहेत का?

तुम्ही विचारलंय की इंग्रजीत शेवटी ‘ए-आर-वाय’ असलेला स्टेशनरी आणि ‘ई-आर-वाय’ असलेला स्टेशनरी यांत फरक काय, आणि त्यांचं मूळ एकच आहे का. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे आपला गोंधळ होणारच.

अर्थ सोपे आहेत. ‘ए’वाला म्हणजे जागचा न हलणारा, जशी सिग्नलला थांबलेली बस. ‘ई’वाला म्हणजे वह्या, कागद, पाकिटं.

मूळ मात्र एकच, आणि मला त्याची गोष्ट फार आवडते. लॅटिनमध्ये ‘स्तारे’ म्हणजे उभं राहणं. त्यावरून ‘स्तातिओनारिउस’ हा शब्द आला आणि मध्ययुगात तो दुकानदारासाठी वापरला जाऊ लागला. फेरीवाल्यासारखा न फिरता एका ठिकाणी दुकान मांडून बसणारा, तो हा. विद्यापीठांच्या गावी असे दुकानदार प्रामुख्याने पुस्तकवाले असत. तेराव्या शतकात बोलोन्या, पॅरिसला छपाई कुठली! या दुकानदाराकडे ग्रंथाची तपासलेली प्रत सुट्या भागांत ठेवलेली असे. एक भाग भाड्याने न्यायचा, उतरवून काढायचा, परत देऊन पुढचा घ्यायचा. भाड्याचे दरही विद्यापीठच ठरवून देई. भाग सुटे असल्यामुळे एकच ग्रंथ एकाच वेळी कितीतरी जण उतरवू शकत.

लंडनमध्ये १४०३ साली लेखनिक, बांधणीवाले आणि पुस्तकविक्रेते यांचा संघ झाला. त्याला १५५७ मध्ये राजसनद मिळाली. तोच हा ‘स्टेशनर्स’चा संघ. पुढे पुस्तकांची दुकानं वेगळी झाली आणि ‘स्टेशनर’कडे कागद, शाई, लेखण्या उरल्या.

स्पेलिंगचं कोडंही इथेच सुटतं. ग्रोसरची ग्रोसरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी, म्हणून तिथे ‘ई’. शाळेत ‘एन्व्हलपचा ई’ अशी युक्ती सांगतात. तीही चालते, पण कारण कळलं की स्पेलिंग पाठ करावं लागत नाही, असं माझं मत.

आणि हे घराणं आपल्याला परकं नाही. लॅटिनचा ‘स्तारे’ आणि संस्कृतचा ‘स्था’ धातू एकाच प्राचीन मुळातून फुटले आहेत. स्थिर, स्थान, बसस्थानक, इतकंच काय, कुणाची वाट बघत आपण ‘तिष्ठत’ बसतो तेही त्यातलंच.

अर्ज किंवा ईमेल लिहिताना मात्र हा शब्द स्वतः तपासा. दोन्ही स्पेलिंगं बरोबर असल्यामुळे साधा स्पेलचेक चूक दाखवत नाही.