हप्त्याचा फोन आणि थरथरणारे हात

प्रश्न : भागीदाराने ऐनवेळी अंग काढून घेतले, धंदा बसला आणि कर्ज माझ्या एकट्याच्या नावावर राहिले. धीर यावा म्हणून स्टोइक या प्राचीन ग्रीक-रोमन पंथाच्या तत्त्वज्ञांविषयी वाचू लागलो आणि कशाचेच काही वाटून घ्यायचे नाही असे ठरवले. घरी पैशांचा विषय काढत नाही. तरीही बँकेचा फोन आला की हात थरथरतात, आणि परवा दहावीतल्या मुलीवर विनाकारण ओरडलो. माझ्यात मनोनिग्रहच नाही का?

उत्तर : हात थरथरतात यात तुमचा दोष नाही, आणि हे सांगायला आधार स्टोइकांचाच आहे. दुसऱ्या शतकातल्या ऑलस गेलियस या रोमन लेखकाने एका समुद्रप्रवासाची हकिकत लिहून ठेवली आहे. इटलीकडे निघालेले त्यांचे जहाज वादळात सापडले, तेव्हा अथेन्सचा एक नामांकित स्टोइक पंडितही इतरांइतकाच पांढराफटक पडला होता. फक्त तो आक्रोश करत नव्हता. वादळ ओसरल्यावर गेलियसने कारण विचारले, तशी त्याने पिशवीतून एपिक्टेटस या स्टोइक गुरूच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून दिला. (तो भाग आता उपलब्ध नाही, गेलियसमुळे एवढा मजकूर तरी उरला.) त्यात म्हटले होते की, अचानक कोसळलेल्या संकटाने शहाण्याचाही चेहरा उतरतो, कारण तो पहिला धक्का बुद्धीला विचारून येत नाही; मात्र ‘हे खरोखरच भयंकर आहे’ या विचाराला शहाणा माणूस संमती देत नाही. तुम्ही त्या पहिल्या धक्क्याशीच झुंजत बसलात आणि जिथे संयम लागतो तिथे, म्हणजे मुलीसमोर, तो सुटला.

घरच्यांपासून सारे लपवण्याला मी तरी धैर्य म्हणणार नाही. एपिक्टेटस गुलाम म्हणून जन्मला, पायाने अधू होता, पुढे रोममधून त्याला हद्दपारही व्हावे लागले. तरी पुतळ्यासारखे भावनाशून्य होऊ नये, मुलगा, भाऊ, बाप या नात्यांची कर्तव्ये पाळावीत, असेच तो शिष्यांना शिकवत असे. तेव्हा कर्जाचे कागद आणि थकलेल्या हप्त्यांचा हिशोब पत्नीसमोर मांडा. मुदत वाढवून हप्ता कमी करण्यासाठी बँकेकडे लेखी अर्ज द्या. भागीदारीचा करारनामा वकिलाला दाखवा. स्टोइक होण्यासाठी आपला हक्क सोडावा लागत नाही. भागीदाराला पश्चात्ताप होईल की नाही, हे मात्र तुमच्या हातात नाही.

रागाचे म्हणाल, तर सेनेका हा रोमन स्टोइक रात्री दिवा नेल्यावर, पत्नीही गप्प झाल्यावर, दिवसभराचे आपले बोलणे-वागणे तपासत असे आणि अमुक वादात फार तिखट बोललास, या वेळी माफ, पुन्हा करू नकोस, असे स्वतःलाच बजावत असे. ही सवय लावून घ्या. मुलीची माफी मात्र तिच्यासमोरच मागा आणि ओरडण्यामागचे कारणही सांगा. घरात काहीतरी बिनसले आहे हे तिने केव्हाच ताडले असणार.