मॅसिव्ह तारा ‘महाकाय’ म्हणावा का?

प्रश्न असा आहे: एका खगोलशास्त्रीय लेखाच्या मथळ्याचे भाषांतर ‘महाकाय ताऱ्यांच्या वर्णरेषांचे स्वयंचलित विश्लेषण’ असे केले आहे. मूळ शब्द ‘मॅसिव्ह स्टार्स’. ‘महाकाय’ चालेल का?

माझ्या मते चालू नये. काय म्हणजे शरीर, म्हणून महाकाय ऐकले की आकार डोळ्यांसमोर येतो. ‘मॅसिव्ह’मध्ये मोजले जाते ते वस्तुमान, साधारणपणे सूर्याच्या ८ पटींहून जास्त. या दोन गोष्टी एकत्र जातातच असे नाही. रोहिणी सूर्यापेक्षा ४० पटींहून अधिक रुंद आहे, पण तिचे वस्तुमान जवळपास सूर्याइतकेच. ती खुशाल महाकाय म्हणावी. मृगाच्या पोटातल्या बाणाचा मधला ताराही सूर्याहून कितीतरी रुंद आहे, पण त्याचे वस्तुमान रोहिणीच्या २० पटींहून जास्त भरते. मॅसिव्ह म्हणायचा तो हा.

शिवाय ज्या विश्लेषणाबद्दल लेख आहे, त्याचा सगळा डोलारा याच फरकावर उभा आहे. संगणक ताऱ्याचा वर्णपट, म्हणजे रंगांनुसार पसरलेला त्याचा प्रकाश, हजारो गणिती प्रारूपांशी ताडून पाहतो. त्या पटात मूलद्रव्यांमुळे उमटणाऱ्या रेषा म्हणजे वर्णरेषा. उदासीन (विद्युतभार नसलेल्या) आणि आयनीभूत (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) हेलियमच्या रेषांच्या तुलनेतून तापमान ठरते. हायड्रोजनच्या रेषा किती पसरट आहेत यावरून पृष्ठभागावरचे गुरुत्व कळते: वातावरण दाट असेल तर शेजारच्या भारित कणांच्या विद्युतक्षेत्रांमुळे रेषा रुंदावते, तारा फुगून विरळ झाला असेल तर ती अरुंद राहते. अंतर माहीत असले की तेजस्वितेवरून त्रिज्या निघते, आणि गुरुत्व व त्रिज्या हाती आल्यावर वस्तुमान. म्हणजे काया आणि वस्तुमान इथे दोन वेगळ्या पायऱ्यांवर मिळतात. त्या दोन्हींना एकच विशेषण लावले तर वाचकाला पुढचे काहीच उलगडणार नाही.

मग पर्याय कोणता? ‘वजनदार’ बोलताना ठीक, पण वजन आणि वस्तुमान वेगळे हे आपण शाळेतच शिकलो. ‘महावस्तुमानी’ अचूक आहे, जिभेला मात्र जड. मला ‘जड तारे’ आवडते. जड पाणी, जड मूलद्रव्ये हे प्रयोग रुळलेले आहेत, आणि वस्तुमान हे जडत्वाचेच माप. पहिल्या उल्लेखात ‘सूर्याच्या ८ पटींहून अधिक वस्तुमानाचे’ एवढा खुलासा जोडावा.

‘वर्णरेषा’ आणि ‘स्वयंचलित’ दोन्ही उत्तम आहेत, ते तसेच ठेवा.