गावातल्या मधपाळांचा इतिहास जपायचा, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की जावळी खोऱ्यातल्या तुमच्या गावात एके काळी घरोघर सातेरी माश्यांच्या (ढोलीत राहणाऱ्या, पेटीतही पाळता येणाऱ्या देशी मधमाश्यांच्या) पेट्या होत्या, आता जुने मधपाळ दोन-तीनच उरलेत आणि तेही थकलेत. मी शेजारच्या महाबळेश्वर तालुक्यातला. आमच्याकडे आजोबांपासून पेट्या आहेत आणि आसपासच्या वाड्यांमधल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी मी लिहून ठेवतो. माझं आग्रहाचं सांगणं एकच आहे: त्यांना खुर्चीत बसवून मुलाखत घेऊ नका, त्यांच्याबरोबर रानात जा.

घरी विचारलं तर "होत्या पेट्या, निघायचा मध" एवढ्यावर बोलणं आटोपतं. तेच आजोबा हिरड्याखाली उभे राहिले की ढोलीकडे बोट करून सगळं सांगू लागतात. तोंड केवढं होतं, कोयत्याने किती मोठं केलं, आतली पोळी कापून केळीच्या सोपटाने पेटीतल्या लाकडी चौकटींना कशी बांधली, राणी आत गेल्यावर बाकीच्या माश्या कशा मागोमाग पेटीत शिरल्या. हे सांगताना त्यांचे हात आपोआप हलतात, म्हणून आवाजाबरोबर हातांचंही चित्रण करा. चालणं झेपत नसेल तर निदान जुनी पेटी त्यांच्यापुढे ठेवा.

सन विचारू नका. "भूकंपाच्या आधी की नंतर?" असं विचारा. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही, 1972 चा दुष्काळही नाही. त्यापुढे डोंगरउतारावरची कारवीची झुडपं धरा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि त्या वर्षीचा मध मधपाळाच्या पक्का लक्षात असतो. पेट्या आल्यावर कारवी किती वेळा आली, एवढं कळलं तरी काळ बराच जुळतो. मात्र सगळे डोंगर एकाच वर्षी फुलतात असं नाही, तेव्हा कुठल्या उतारावरची कारवी तेही टिपा.

फुलोऱ्याचं वेळापत्रक तर लिहाच. जांभूळ, हिरडा, गेळा कधी फुलायचे, कुठला मध कडसर, कुठला दाट, पावसाळ्यात पेट्या कशा जगवल्या, साखरेचा पाक कधी द्यायला लागले. कुठली झाडं तुटली आणि मध कधी आटला, हेही यातूनच उलगडतं. माश्या मेल्याच्या आठवणी जपून विचारा. 1991-92 च्या सुमारास दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड रोगाने सातेरीच्या असंख्य वसाहती संपल्या. त्यात अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. तुमच्याकडे कुणी असं पाहिलं होतं का आणि कुठल्या साली, हे तुमच्या गावापुरतं तुम्हालाच शोधावं लागेल.

घरातल्या बायकांना वेगळं बसून विचारा. मध गाळणं, मेण वितळवणं, बाटल्या भरणं कुणी केलं, बाजारात कोण गेलं, पैसे कुणाच्या हातात आले? पुरुषांच्या बोलण्यात हे येत नाही.

कागदांमध्ये सोसायटीची पासबुकं, मधाच्या पावत्या आणि प्रशिक्षणाचे दाखले मिळतील. महाबळेश्वरचं मध संचालनालय किंवा पुण्याची 1962 ची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांची नावं त्यावर दिसली, तर गावात ही विद्या कुठून आली याचा धागा सापडतो. कागदांचे फोटो आधी काढा, आमच्या हवेत ओल आणि कसर कागद फार दिवस टिकू देत नाहीत. पेटीच्या चौकटी मोजा. सात चौकटींची असेल तर बहुधा न्यूटन पेटी, म्हणजे सातेरीसाठीची लहान पेटी. कुणाची, कुठल्या सुताराने केली, हे चिठ्ठीवर लिहून पेटीलाच चिकटवा.

2022 साली आमच्या तालुक्यातलं मांघर मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, पुढे कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगडातलं पाटगावही. दोन्हीकडे जाऊन या, पण नक्कल करू नका.

सगळ्याच्या प्रती शाळेत, ग्रामपंचायतीत आणि त्या त्या घरी द्या. फक्त वसाहती असलेल्या ढोल्यांच्या जागा इंटरनेटवर टाकू नका. मधासाठी झाड तोडणारे अजून फिरतात.