फ्लोरिडातल्या ऑर्लँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डमध्ये तळ्याकाठी नवीन हॉटेल होणार म्हणतात, त्यासाठी सहल पुढे ढकलावी का, आणि आईबाबांबरोबर उतरावं कुठे?

नका ढकलू. तुम्ही ज्या जागेबद्दल विचारताय, म्हणजे मॅजिक किंगडम या मुख्य पार्कसमोरच्या तळ्याकाठी, तिकीट अँड ट्रान्सपोर्टेशन सेंटर (पार्ककडे जायची मोनोरेल, बोटी जिथून सुटतात ते ठिकाण) आणि कंटेम्पररी हॉटेल यांच्यामधला झाडीचा पट्टा, तिथे हॉटेल ‘होणार’ ही बातमी डिस्ने वर्ल्डइतकीच जुनी आहे. २०२७ च्या दिवाळीत आईबाबांना घेऊन यायचं ठरवलंय ना, मग या. लांबण लावली तर आधीच माफ करा, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

मी ऑर्लँडोत राहतो, पेशाने सिव्हिल इंजिनिअर. पावसाचं पाणी साइटवरून कुठे जाणार याची गणितं करणं हे माझं काम. त्यामुळे डिस्नेचे चाहते बांधकामाच्या ज्या परवानग्यांचे नकाशे ‘सापडलं, सापडलं’ म्हणत एकमेकांना दाखवतात, तसले कागद मी रोज बघतो.

आधी त्या जागेची गोष्ट. डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं तेव्हा तळ्याकाठी दोनच हॉटेलं होती, कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन. मूळ आराखड्यात मात्र पाच होती. उरलेली तीन म्हणजे एशियन, व्हेनेशियन आणि पर्शियन. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं, गाड्या घेऊन फ्लोरिडात येणारी माणसं घटली आणि तिन्ही हॉटेलं कागदावरच राहिली. एशियनसाठी तयार केलेला जमिनीचा तुकडा पुढची कित्येक वर्षं तसाच मोकळा होता. शेवटी १९८८ मध्ये तिथे ग्रँड फ्लोरिडियन उघडलं. तुमचा पट्टा तो व्हेनेशियनचा. नव्वदच्या दशकात त्याच जागेवर मेडिटेरेनियन नावाचं हॉटेल घाटत होतं, तेही बारगळलं. तिथली जमीन भार घेत नाही, पाया फार खोल न्यावा लागेल, हे त्याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण. मला ते पटतं. इकडे वरवर वाळू दिसते, पण दलदलीच्या भागात तिच्याखाली काळा, भिजलेल्या चहाच्या चोथ्यासारखा गाळ निघतो. त्यावर काही बांधायचं तर तो उपसून भराव घाला, नाहीतर खालच्या घट्ट थरापर्यंत खांब ठोका. दोन्हीत पैसा जातो, आणि जवळच थोडी बरी जमीन असेल तर कोणीही शहाणा माणूस तिकडेच वळतो. मोनोरेल खेटून जाते, समोर तळं आहे, पलीकडे मॅजिक किंगडमचा किल्ला दिसतो. नकाशावर बघणाऱ्याला ही जागा सोन्याची वाटणारच. पण नकाशात गाळ दिसत नाही.

आता कागदांचं. फ्लोरिडात सरकारी कागद बहुतांशी कोणालाही बघता येतात. त्यातले दोन चाहत्यांचे विशेष लाडके. एक, साउथ फ्लोरिडा वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट या पाण्याचं नियोजन बघणाऱ्या सरकारी संस्थेची परवानगी. इथे मोठं काही बांधायचं तर पावसाचं पाणी साठवायची तळी कुठे, किती, हे आधी दाखवावं लागतं, आणि त्या नकाशात इमारतीची बाह्यरेषा, पार्किंग असं सगळं उघडं पडतं. हा कागद वजनदार, पण त्याचा अर्थ एवढाच की कोणीतरी पैसे देऊन आराखडा करून घेतला. आपल्याकडे जमीन एनए झाली म्हणजे टॉवर उभा राहिला असं कोणी धरत नाही, तसंच. दुसरा कागद ‘नोटिस ऑफ कमेन्समेंट’. काम सुरू करण्याआधी मालक तो काउंटीत, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत, नोंदवतो, मुख्यतः कंत्राटदारांच्या थकबाकीच्या हक्कासाठी. त्यात ठेकेदाराचं नाव, पत्ता आणि कामाचं मोघम वर्णन असतं. छपराची दुरुस्ती असली तरी तो लागतो. पण ठेकेदाराचं नाव ओळखीचं निघालं की लोक थेट हॉटेलाचं नाव आणि कारंज्याचा रंग ठरवून मोकळे होतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

तिसरा एक आकडा तुमच्याही वाचनात आला असेल. जून २०२४ मध्ये डिस्ने आणि तिथलं स्थानिक शासन, म्हणजे सेंट्रल फ्लोरिडा टुरिझम ओव्हरसाइट डिस्ट्रिक्ट, यांच्यात करार झाला. १०-२० वर्षांत १७ अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक, पाचव्या मोठ्या पार्कला मुभा, आणि हॉटेलच्या खोल्यांची मर्यादा ५३ हजारांच्या वर. आता खोल्या चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे तेरा-चौदा हजार नवीन खोल्या येणार, असं गणित लगेच मांडलं गेलं. अहो, ती मर्यादा आहे. एफएसआय चार मिळाला म्हणून प्रत्येक बिल्डर चार वापरतोच असं नाही, आणि वापरलाच तर उद्या सकाळी वापरत नाही.

खरं हॉटेल येणार की नाही हे ओळखायला मी जमीन आणि कागदाबरोबर तिसरी गोष्ट बघतो: पैसा कुठून येणार. इथे कळीचा शब्द डिस्ने व्हेकेशन क्लब. आपल्या क्लब महिंद्रासारखं समजा. सभासद आधी पैसे भरून पॉइंट विकत घेतात आणि ठरावीक वर्षांपर्यंत वापरतात. १९९१ पासून ही योजना आहे. कंपनीच्या दृष्टीने याची गंमत अशी की इमारतीचा खर्च विक्रीतूनच सुटत जातो. खोल्या भरतील का याची वाट बघावी लागत नाही. गेल्या काही वर्षांतली बांधकामं बघा. २०१९ चं रिव्हिएरा हॉटेल याच योजनेतलं. २०२२ मध्ये ग्रँड फ्लोरिडियनची एक आख्खी इमारत या योजनेत घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये उघडलेला पॉलिनेशियनचा टॉवरही त्यातलाच. उलट निव्वळ कल्पनेच्या जोरावर बांधलेलं स्टार वॉर्सचं शंभर खोल्यांचं हॉटेल मार्च २०२२ मध्ये उघडलं आणि सप्टेंबर २०२३ अखेर बंदही पडलं. ऑर्लँडोतल्याच प्रतिस्पर्धी युनिव्हर्सलने २०२५ मध्ये एपिक युनिव्हर्स या नव्या पार्कबरोबर तीन नवीन हॉटेलं उघडली, म्हणून डिस्नेला उत्तर द्यावंच लागेल, हा युक्तिवाद मी खूप ऐकतो. डिस्ने उत्तर देतंय, पण पार्कच्या आत.

कंपनीच्या घोषणेलाही मी फार भाव देत नाही. कंटेम्पररीशेजारचा बे लेक टॉवर घ्या. २००७ मध्ये तिथली जुनी खोल्यांची इमारत पाडली, नवीन बांधकाम मोनोरेलमधून सगळ्यांना दिसायला लागलं, आणि अधिकृत घोषणा झाली सप्टेंबर २००८ मध्ये. तोवर कंपनी गप्प. याच्या नेमकं उलट रिफ्लेक्शन्स नावाच्या हॉटेलचं. २०१८ मध्ये जाहीर, नऊशेहून अधिक खोल्या, २०२२ मध्ये उघडणार. जागाही झकास, वाइल्डरनेस लॉज आणि फोर्ट वाइल्डरनेसच्या मधली, जिथे पूर्वी रिव्हर कंट्री हे पाण्याचं पार्क होतं. जमीन साफ झाली, काम लागलं आणि २०२० मध्ये थांबलं. पुढे ते नावही गायब झालं.

त्यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. २०१९ मध्ये पुण्याच्या माझ्या भावाला मीच छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘दादा, तीन वर्षं थांब, नवीन हॉटेलात उतरू.’ पुतण्या तेव्हा सात वर्षांचा, मिकीवर जीव टाकणारा. शेवटी ते २०२३ मध्ये आले तेव्हा साहेबांना मिकीबरोबर फोटो काढायचीही लाज वाटत होती. वहिनी अजून ऐकवते, आणि तिचं बरोबर आहे.

आता रिफ्लेक्शन्सची तीच जागा पुन्हा जागी झाली आहे. लेकशोर लॉज या नावाने, अर्थात व्हेकेशन क्लबचं हॉटेल म्हणून, ते २०२७ मध्ये उघडणार असं कंपनीने जाहीर केलंय. म्हणजे तळ्याकाठी नवीन हॉटेल ही बातमी अगदीच खोटी नाही, फक्त तळं शेजारचं आहे, बे लेक. तुम्ही वाचलेल्या चर्चेत या दोन जागांची सरमिसळ झाली असावी असा माझा अंदाज आहे. हे हॉटेल उभं राहील यावर मी पैज लावेन. पण आईबाबांची तिकिटं त्याच्या तारखेवर काढणार नाही.

या तर्कबाजीची थट्टा केली तरी तिला इथे मोठी परंपरा आहे बरं का. डिस्नेने ही २७ हजार एकर जमीन १९६४-६५ मध्ये बनावट नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप घेतली. त्यातल्या एकीचं नाव ‘आयफोर’, शेजारच्या आय-४ हायवेवरून! कोण घेतंय यावर गावभर पैजा. फोर्ड म्हणा, बोइंग म्हणा. ऑक्टोबर १९६५ मध्ये ऑर्लँडो सेंटिनेलने डिस्नेचं नाव छापलं तेव्हा कुठे उलगडा झाला.

राहिला तुमचा खरा प्रश्न, उतरायचं कुठे. बाबांचे गुडघे दुखतात असं लिहिलंय, तर मोनोरेलवरचं किंवा स्कायलायनर या केबल कारवरचं हॉटेल बघा, बसची वाट बघत उभं राहणं वाचेल. स्कायलायनरवर आर्ट ऑफ अॅनिमेशन आहे. तेही एक गमतीशीर प्रकरण: पॉप सेंच्युरी या शेजारच्या हॉटेलचा दुसरा अर्धा भाग म्हणून सुरू झालं, ११ सप्टेंबर २००१ नंतर अर्धवट राहिलं, बरीच वर्षं तळ्यापलीकडे सांगाडे उभे होते, आणि २०१२ मध्ये नवीन नावाने उघडलं. तिथल्या फॅमिली स्वीटमध्ये सहाजण मावतात, दोन बाथरूम असतात, मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज असतो, शेगडी मात्र नाही. आईंना सकाळी चहा उकळलेलाच लागत असेल तर व्हेकेशन क्लबचा एक बेडरूमवाला व्हिला बघा. सभासद आपले पॉइंट भाड्याने देतात, त्यातून थेट दरापेक्षा बरंच स्वस्त पडू शकतं. तिथे पूर्ण स्वयंपाकघर असतं, शेगडी आणि भांड्यांसकट. सांडशी तेवढी नसते, ती घरून आणा.